शाईच्या डागाखालचं नाव

डोळे मिटा बघू. एक डोळा किलकिला ठेवलेला चालणार नाही, दोन्ही मिटा.

आता मनातल्या मनात एक खोली उभी करा. ही खोली जमिनीखाली आहे. पायऱ्या उतरून जायचं, एक दार ढकलून आत शिरायचं आणि ते पाठीमागे नीट लागलं की मगच पुढचं दार उघडायचं. दोन्ही दारं एकदम उघडली तर रस्त्यावरची धूळ आत येते, आणि या खोलीला धुळीचं फार वावडं. खिडक्या आहेत, पण पार छताला टेकलेल्या, आणि त्यांच्या फटी चिकटपट्टीने बंद केलेल्या. त्यांतून आभाळ दिसत नाही. दिसतात ते रस्त्याने जाणाऱ्यांचे नुसते पाय. मधोमध एक लांबरुंद टेबल, टेबलावर खाली मान घालून टांगलेला कॅमेरा, आणि भिंतीशी जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे. कागद इतके जुने की पान उलटताना श्वाससुद्धा बेताने घ्यायचा.

दिसली खोली? मग टेबलाच्या टोकाशी उंच स्टुलावर बसलेली, पाय जमिनीला न टेकणारी मुलगीही दिसली असेल. तिला सगळे भिंगरी म्हणत. दोन मिनिटं एका जागी बसली तर शपथ, म्हणून लहानपणीच पडलेलं नाव. पण गंमत बघा, या खोलीत ती शाळा सुटल्यावर तासन्‌तास बसायची.

खोली होती वाचनालयाची, आणि वाचनालय सांभाळायची भिंगरीची आत्या. शहरात पूर्वी एक वर्तमानपत्र निघायचं. ते बंद पडलं, पण त्याचे सगळे अंक या तळघरात येऊन राहिले. एखादा जुना अंक बघायचा तर दोन प्रतिष्ठित माणसांची शिफारस आणावी लागे.

"आणि ज्याच्या ओळखीत एकही प्रतिष्ठित नाही, त्याने काय करायचं?" आत्या विचारायची, आणि समोरच्याने तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगायची, "घरी बसायचं! वा रे न्याय!"

म्हणून तिने ठरवलं होतं की प्रत्येक पानाचा फोटो काढायचा, त्यातली ओळ न्‌ ओळ इंटरनेटवर चढवायची, तीही फुकट, आणि अशी की कुणीही एक शब्द टाकला की ते पान समोर यावं. फोटो आत्या काढायची. अक्षरं कॉम्प्युटर वाचायचा. पण जुनी छपाई ती, कुठे शाई उडालेली, कुठे कागद विटलेला. जिथे कॉम्प्युटरला वाचता येत नसे तिथे तो छोटे रिकामे चौकोन टाकायचा. ते चौकोन बघायचे, पानावरचा शब्द डोळे ताणून वाचायचा आणि चौकोनांच्या जागी लिहायचा, हे काम भिंगरीचं. 'चौकोन भरणं' म्हणत त्याला. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

एकाच गोष्टीवरून ती कुरकुरायची. प्रत्येक पानाखाली चौकोन कुणी भरले ते लिहिलेलं असे. मदतीला येणाऱ्या मोठ्या माणसांची नावं आडनावासकट, आणि हिचं नुसतं 'भिंगरी'.

"पोस्टमास्तर आजोबा अर्धे चौकोन चुकीचे भरतात, तरी त्यांचं नाव आख्खं! माझं का नाही?"

"तू लहान आहेस. मोठी झाल्यावर तुला ते तिथे असलेलं आवडेल की नाही, हे आज कुणाला ठाऊक? लहान मुलांची नावं आपण इंटरनेटवर टाकत नाही."

"हे काय कारण झालं?"

"हेच झालं. चौकोन भर."

एक दिवस रंगाच्या कारखान्याचे मालक त्या दोन दारांतून आत आले. दोन्ही दारं त्यांनी एकदम उघडली, तिथेच आत्याच्या कपाळावर आठी पडली. त्यांच्या वडिलांच्या काळात कारखान्याचं सांडपाणी नदीत सोडलं जाई आणि ते सगळं ठाऊक असूनही दडपलं गेलं, अशी बातमी जुन्या अंकात होती. ती आता खालच्या वस्तीतल्या लोकांनी शोधून काढली होती आणि जाब विचारायला सुरुवात केली होती.

"तेवढं एक पान काढून टाका," मालक म्हणाले. "वाचनालयाला नवं छप्पर घालून देतो."

"छप्पर गळतंय खरं," आत्या म्हणाली. "पण आम्ही तळघरात बसतो, साहेब. आम्हाला नाही लागत पाणी."

"जुनी मढी उकरून काय मिळतं हो तुम्हाला?"

"आज तुमचं पान उतरवलं, तर उद्या दुसरं कुणी येईल. परवा तिसरा. मग उरतील फक्त हवामानाचे अंदाज आणि सत्कारसमारंभ. एकदा चढलेलं पान इथे उतरत नाही."

मालक पाय आपटत गेले. भिंगरीची छाती अशी फुगली होती की जणू तिनेच त्यांना पिटाळलं. तिने त्याच संध्याकाळी रंगीत पेनांनी एक पाटी रंगवली आणि आतल्या दारावर लावली: 'इथे चढवलेलं पान उतरवलं जात नाही.' खाली एक करड्या नजरेची मांजरही काढली, राखणीला.

त्यानंतर थोड्या दिवसांनी तिच्यापुढे ते पान आलं.

पान साधंच होतं. कोपऱ्यात एक छोटी बातमी, आणि तिच्या ऐन मध्यावर शाईचा बोटभर डाग. डागाखाली एक नाव होतं. कॉम्प्युटरने तिथे ओळीने चौकोन टाकले होते. आत्या म्हणाली, "सोड गं. नाही वाचता येत ते."

एवढं पुरे झालं. नाही येत म्हटलं की भिंगरीला चेव चढायचा.

जुनी छपाई शिशाच्या खिळ्यांनी, म्हणजे अक्षरांच्या ठशांनी, व्हायची. प्रत्येक अक्षर कागदावर दाबलं जायचं, त्यामुळे पानाच्या मागच्या बाजूला त्याचा बारीक उठाव राहतो. शाई पुसली जाईल, पण दाब कुठे जातो? भिंगरीने पान उलटं केलं. दिवा आडवा धरला, इतका आडवा की उठावांच्या सावल्या पडाव्यात. भिंग घेतलं. अक्षरं उलटी दिसत होती, म्हणून आरसा घेतला. जीभ ओठांत धरून ती एकेक अक्षर टिपत गेली. आधी आडनाव लागलं, मग पहिलं नाव. सुंदर नाव होतं, कधी न ऐकलेलं. तिने चौकोन पुसले, नाव लिहिलं आणि स्टुलावरून उडी मारली.

"आत्या! वाचलं!"

आत्याने भिंगातून बघितलं, आरशातून बघितलं, आणि तिच्या पाठीत असा धपका घातला की भिंगरी पुढे सरकली. "धन्य आहेस बाई!"

बातमी काय होती? तिने ती वाचली होती ना? हो. म्हणजे, तिने अक्षरं वाचली होती. धुण्याचा हौद, त्यात बुडालेलं तान्हं बाळ, त्याला सांभाळायला ठेवलेली अकरा वर्षांची बहीण खेळण्यात दंग. त्या बहिणीचं नाव डागाखाली होतं. भिंगरीला क्षणभर वाईट वाटलं. मग पुढचं पान आलं.

आता आपण भिंगरीच्या घरी जाऊ. डोळे अजून मिटलेले असू द्या.

घर तिसऱ्या मजल्यावर. आई एका दवाखान्यात खिडकीशी बसून पेशंटांचे नंबर लावायची, बाबा लांबच्या शहरात कामाला. भिंगरीला एक धाकटा भाऊ होता, गुबगुबीत, म्हणून गब्दुल. तो दिवसभर तळमजल्यावरच्या पाळणाघरात असायचा. भिंगरीही तिथेच वाढली होती. पाटीवर लिहिलं होतं 'मावशींचं पाळणाघर'. मावशी म्हणजे मावशी. त्यांनी लग्न केलं नव्हतं, पण अर्ध्या वस्तीची पोरं त्यांच्या मांडीवर झोपली होती. मावशींची एक सवय होती. येता-जाता, दूध गरम करताना, दारावरची बेल वाजली की, त्या प्रत्येक मुलाच्या डोक्यावर हात टेकवून मोजायच्या. एक, दोन, तीन. दिवसातून किती वेळा, त्याला गणतीच नाही. दाराला कड्या दोन, बालदीत पाणी कधी भरून ठेवलेलं नाही. "मावशी, आम्ही काय पळून जाणार आहोत का?" पोरं विचारायची. "तुमचा काय भरवसा!" मावशी म्हणायच्या, आणि पुन्हा मोजायच्या.

त्या दिवशी भिंगरी शाळेतून आली तर आई घरीच. गब्दुल जमिनीवर बसून चमचा आपटत होता.

"तू रजा घेतलीस? गब्दुलला बरं नाही?"

"बरा आहे तो." आईने फोन उचलला, खाली ठेवला, परत उचलला. "पाळणाघरात नाही पाठवला. जवळजवळ कुणीच पाठवत नाहीये."

"का?"

"नवीन बाळाचे वडील आहेत ना, चष्मेवाले. त्यांनी बाळ ठेवायच्या आधी मावशींचं नाव इंटरनेटवर टाकून बघितलं. आणि हे निघालं. सगळ्या पालकांना पाठवलं त्यांनी."

फोनवर एक फोटो होता. कोपऱ्यातली छोटी बातमी, मध्यावर शाईचा डाग. आणि खाली, स्वच्छ टाइपात, तेच सुंदर, कधी न ऐकलेलं नाव.

"हे... हे कोण?" भिंगरीने विचारलं. तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला.

"कोण म्हणजे? आपल्या मावशी."

मावशींना नाव असतं, हे भिंगरीला ठाऊकच नव्हतं. जन्मापासून ती त्यांना ओळखत होती, त्यांच्या साडीला नाक पुसलं होतं, त्यांच्या हाताने गोळ्या खाल्ल्या होत्या, आणि त्यांचं नाव तिला माहीत नव्हतं. कसं असणार? तुम्ही तरी कधी विचारलंय?

"आई, मावशी तर किती जपतात..."

"मला नाही का कळत? मी त्यांना वाईट म्हणतच नाही." आईने गब्दुलला उचलून छातीशी धरलं. "पण तो हौद डोळ्यांपुढून जात नाही गं. मी काय करू? जात नाही."

त्या दिवसापासून भिंगरी कोंडली गेली.

तळघरात गेली तर दोन दारं पाठीमागे लागायची आणि समोर तिचीच पाटी. घरी आली तर आई, फोन, आणि बाहेर जायला रडणारा गब्दुल. जिना उतरायचा तर पाळणाघराच्या दारावरून जावं लागे, म्हणून ती भिंतीला चिकटून, दुसरीकडे बघत जायची. आत पूर्वी नुसता कलकलाट असायचा. आता एखाद्याच मुलाचा आवाज. मग एके दिवशी तोही नाही. शाळेत बाईंनी विचारलं, "काय गं, भिंगरीची आज भिंत झाली का?" सगळा वर्ग हसला. तीही हसली. कुणाला सांगणार? फोनवरच्या फोटोत पानाखालचं 'भिंगरी' आलं नव्हतं, म्हणून ते नाव तिने लिहिलंय, हे फक्त आत्याला ठाऊक होतं. आणि आत्या हल्ली बोलत नव्हती, पान उलटण्यापलीकडे तिच्या टेबलावरून आवाज येत नव्हता.

शेवटी एका दुपारी भिंगरी पाळणाघराच्या दारापाशी थांबली आणि तिने बेल वाजवली. एक कडी निघाली, मग दुसरी.

मावशी छोट्या चादरींच्या घड्या घालत होत्या. धुतलेल्या चादरी, पण त्यांवर कुणी झोपलेलंच नव्हतं.

"ये. आज वाट चुकलीस वाटतं?"

"मावशी," भिंगरी म्हणाली, आणि एका दमात बोलून मोकळी झाली. "ते नाव कुणाला वाचता येत नव्हतं. डाग होता. मी वाचलं. भिंग घेऊन, आरसा घेऊन. मी लिहिलं ते."

मावशींचे हात थांबले.

"आरसा?" मग त्या म्हणाल्या. "आरसा घेऊन वाचलंस?"

"मागून. अक्षरांचा दाब असतो."

"बाई बाई." मावशी चक्क थोड्या हसल्या, आणि ते हसू बघून भिंगरीला जास्तच रडू आलं. "रडू नको. तो डाग माझ्या ओळखीचा आहे. त्या दिवशीच्या सगळ्याच अंकांवर होता. मला वाटायचं, छापणाऱ्याला दया आली असेल, त्याने मुद्दाम शाई सांडली असेल."

"खरंच?"

"कोण जाणे. मला तसं वाटायला आवडायचं."

"मग बातमी खोटी आहे का?" भिंगरीने फार आशेने विचारलं.

"नाही गं." मावशींनी चादर मांडीवर ठेवली. "खरी आहे. मी दोरीवरच्या उड्या मारत होते. शंभर झाल्याशिवाय मान वळवायची नाही, असं ठरवलं होतं. शंभर झाल्या."

रस्त्यावरून एक गाडी गेली.

"तेव्हा आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं," मावशी म्हणाल्या. "त्यांना वर्तमानपत्र कशाला हवं? पण गल्ली माझ्यावर रागवायची, आणि मला जवळ बसवून जेवायलाही वाढायची. हे फोनवाले मला रागवायलासुद्धा येत नाहीत. त्यांना सगळं माहीत झालंय, आणि मी कोण ते माहीत नाही."

"तुम्ही आईला का नाही सांगितलंत?"

"सांगणार होते. मूल मोठं झालं, इथून जायला निघालं, की शेवटच्या दिवशी मी त्याच्या आईला सांगते. बऱ्याच जणींना सांगितलंय. एक जण रडली, एक जण पुन्हा कधी बोलली नाही. तू शाळेत जायला लागलीस तरी शाळा सुटल्यावर इथेच यायचीस, मग गब्दुल आला, म्हणून तुझ्या आईचा शेवटचा दिवस आलाच नाही. तो शाळेत जायला लागला, की तिला सांगितलं असतं."

"पण आधी का नाही सांगत?"

मावशींनी तिच्याकडे बघितलं. "आधी सांगितलं तर मूल कोण ठेवेल? माझं चुकतही असेल. पण ते सांगणं माझं होतं. आता ते माझ्या हातात राहिलं नाही."

"मी आत्याला पान उतरवायला सांगते. आत्ताच जाते."

"थांब. कारखान्याच्या त्या पाण्याने माझ्याकडची पोरं किती आजारी पडली, ठाऊक आहे? ते मालक तुझ्या आत्याकडे आले तेव्हा तिने ऐकलं असतं, तर मला कसं वाटलं असतं? माझ्यासाठी तिला तिचा शब्द मोडायला लावू नको."

आता सांगा, भिंगरीने जावं कुठे? पान ठेवावं तर मावशींचं पाळणाघर बंद. पान काढावं तर कारखान्याचे मालक दुसऱ्या दिवशी दारात. आणि मधोमध तिने स्वतः रंगवलेली पाटी. तुम्हाला सुचतंय काही? तिला काही सुचलं नाही. तरी ती गेली, कारण बसवत नव्हतं.

आत्या टेबलाशीच होती. भिंगरीने काही म्हणायच्या आत ती म्हणाली, "मला कळलंय. मागेच चष्मेवाले येऊन आभार मानून गेले माझे. 'तुमच्यामुळे आमचं बाळ वाचलं,' म्हणाले. असे आभार कुणाच्या वाट्याला येऊ नयेत."

"मग उतरव ना पान."

"आणि मालक आले की?"

"त्यांचं वेगळं आहे!"

"वेगळं आहे हे तुला कळतं, मला कळतं. नियमाला कसं कळायचं? कुणाचं ठेवायचं, कुणाचं काढायचं, हे मी एकटी या तळघरात बसून ठरवायला लागले, तर दोन प्रतिष्ठितांची शिफारस मागणाऱ्यांत आणि माझ्यात फरक काय उरला?"

भिंगरीने पडद्यावर ते पान उघडलं. बराच वेळ ती त्या नावाकडे बघत राहिली.

"पान राहू दे," ती हळूच म्हणाली. "पण चौकोन मी भरले होते. ते मी परत रिकामे करू शकते ना?"

"करता येतात. पण कारण लिहावं लागतं, नाव लिहावं लागतं, आणि ते पानाखाली कायमचं राहतं. उगाच कुणी काही पुसू नये म्हणून मीच तशी सोय केलीय."

"चालेल." भिंगरीने पडद्यावरची जागा उघडली आणि टाइप करायला लागली. 'हे नाव मी वाचलं होतं. मी ते परत झाकत आहे, कारण ती तेव्हा अकरा वर्षांची होती.' मग तिने खाली आपलं नाव लिहिलं. भिंगरी नव्हे, पूर्ण नाव, आडनावासकट.

आत्याचा हात चटकन पुढे आला. "अगं ए! हे नाव नको. ते कायमचं राहील, सगळ्या जगाला दिसेल. तू लहान आहेस, मोठेपणी तुला ते..."

आणि आत्या थांबली.

तिचा हात तसाच हवेत राहिला. वर खिडकीतून कुणाचे तरी पाय गेले.

आत्या खुर्चीत मागे टेकली. "ती तेव्हा तुझ्याएवढी होती," ती म्हणाली, जणू ही बातमी तिने आत्ताच वाचली.

"हो."

"आणि मी तुझ्या पाठीत धपका घातला."

मग ती उठली आणि भिंगरीशेजारी उभी राहिली. "तुझं नाव पूस. माझं लिही. आणि कारणात भर घाल, की गुन्हा असो, अपघात असो, लहान मुलाचं नाव आपण भरत नाही. कुणाचंच नाही, मालकांच्या पोराचंही नाही. पान राहील. फोटो राहील. ज्याला इथे येऊन आरसा आणि भिंग घेऊन बसायचं असेल, त्याने खुशाल बसावं. पण नाव टाकलं की पान हातात, असं आपण करणार नाही."

भिंगरीने तसं केलं. नाव गेलं. तिथे ओळीने छोटे रिकामे चौकोन आले.

"मग आता सगळं ठीक होईल?"

"नाही," आत्या म्हणाली. ती मुलांशी खोटं बोलत नसे. "जे फोटो फोनांमध्ये गेले, ते गेले. ते मी परत आणू शकत नाही. तूही नाही. आपण फक्त आपलं दार लावलंय."

त्या संध्याकाळी भिंगरीने आईला सगळं सांगितलं. आरशासकट, दोरीवरच्या उड्यांसकट. आईने मध्येच एकदा विचारलं, "शंभर?" आणि भिंगरी म्हणाली, "शंभर." गब्दुलला झोपवताना आई त्याच्याकडे बघत बसली.

सकाळी उठून भिंगरी बघते, तर आई दवाखान्याच्या कपड्यांत. गब्दुलच्या पिशवीत ती बाटली भरत होती. एकदा भरली, बाहेर काढली, परत भरली.

"आजचा दिवस," ती म्हणाली. "उद्याचं मला विचारू नको. संध्याकाळी मी स्वतः येईन त्याला घ्यायला, मला त्यांच्याशी बोलायचंय. मला खाली नेववत नाही गं. तू नेशील?"

भिंगरीने गब्दुलला कडेवर घेतलं. तो काही हलका नव्हता. जिन्यात चष्मेवाले बाळाला घेऊन निघाले होते, दुसऱ्या कुठल्या पाळणाघरात. त्यांनी गब्दुलकडे बघितलं, पाळणाघराच्या दाराकडे बघितलं आणि विचारलं, "तुझ्या आईला मेसेज मिळाला नाही का?"

"मिळाला," भिंगरी म्हणाली, आणि बेल वाजवली.

एक कडी निघाली, मग दुसरी. मावशी दारात उभ्या होत्या. पाठीमागे खोली रिकामी होती, चादरींच्या घड्या एकावर एक रचलेल्या. त्यांनी भिंगरीकडे बघितलं, मग गब्दुलकडे. त्याने दोन्ही हात त्यांच्याकडे पसरले होते, त्याला काय ठाऊक? मावशींनी त्याला घेतलं, आत नेऊन खाली ठेवलं आणि त्याच्या डोक्यावर हात टेकवला.

"एक," त्या म्हणाल्या, आणि हात तसाच थांबला, कारण पुढे मोजायला कुणी नव्हतं.

भिंगरीची शाळा भरायला अजून थोडा वेळ होता. तिने दप्तर दाराशी ठेवलं, दोन्ही कड्या लावल्या, गब्दुलशेजारी जमिनीवर मांडी घालून बसली, आणि आपलं डोकं पुढे केलं.